गंगाजळी किती ठेवावी?

पेसमेकर म्हणून जे लहानसे यंत्र आज खांद्यालगत, त्वचेच्या आड बसविले जाते, त्याचे आयुष्य कारखान्यातच ठरून येते अशी सर्वसाधारण माणसाची समजूत असते; आणि माहितीपत्रकावर छापलेली वर्षे वाचून रुग्णाचे नातेवाईक त्या मुदतीचा हिशेब मनाशी करून निश्चिंत होतात. वस्तुतः कारखाना बॅटरीत किती विद्युत्प्रभार साठवावयाचा एवढेच ठरवितो. तो कोणत्या गतीने खर्च व्हावा, याचा अखत्यार प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणासमोर बसलेल्या डॉक्टरांच्या हाती असतो. आणि यंत्र ज्या आकड्यांनिशी पेटीतून बाहेर आले, त्याच आकड्यांवर ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा प्रघात जेथे जेथे पडला आहे, तेथे तेथे एक शस्त्रक्रिया रुग्णाच्या आयुष्यात निष्कारण अलीकडे ओढली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि या मताच्या विरुद्ध उभा राहणारा पक्षही प्रामाणिक आहे, आणि तो मी अशा एका गृहस्थांच्या तोंडून ऐकला की ज्यांच्या मताला केवळ अडाणी भीती म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे झाले असते. हे गृहस्थ सातारच्या जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेले. पूर्ण हृदयरोधामुळे त्यांना एका रुग्णालयात खालच्या कप्प्यात एकच तार असलेला पेसमेकर बसविला गेला होता. त्यांची भाची पुण्यास हृदयरोगांची चिकित्सा करते, आणि पेसमेकरची तपासणी हा तिच्या नित्य कामाचा भाग आहे. शस्त्रक्रियेला तीन महिने उलटल्यावर मामांची तपासणी तिने स्वतः केली. त्यानंतर दोघांत जे बोलणे झाले, त्याच्या वेळी मी तेथे होतो. ते मी माझ्या शब्दांत, पण त्यांच्या क्रमाने, येथे देतो.

मामा : तुझ्या म्हणण्याचा मथितार्थ मी असा समजलो, की माझ्या हृदयाला दर ठोक्यागणिक पाच व्होल्टांचा जो विद्युत्स्पंद मिळतो तो तू दीड व्होल्टावर आणणार, आणि याचे कारण एवढेच की बॅटरी अधिक वर्षे पुरावी. अगं, उभी हयात सरकारी खजिन्यावर बसून मी एक गोष्ट शिकलो, ती ही की गंगाजळीला हात लावावयाचा नसतो. ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी ती अर्ज करून मिळत नाही. वरच्या कप्प्याचा हुकूम माझ्या हृदयात खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, हे तूच मला चित्र काढून दाखविलेस. म्हणजे यंत्राचा स्पंद वाया गेला तर मागे उभा राहणारा जामीन कोणी नाही. अशा माणसाच्या बाबतीत तुला काटकसर सुचावी?

भाची : मामा, गंगाजळी म्हणजे न खर्चलेली शिल्लक असेच ना? मग पाच व्होल्टांपैकी तुमच्या हृदयाला न लागणारा जो भाग आहे, तो शिल्लक कोठे पडतो ते मला दाखवा. तो दर ठोक्याला खर्ची पडतो. मिनिटाला साठ ठोके धरले तरी दिवसाकाठी ८६,४०० वेळा. आज मी विजेचा दाब हळूहळू उतरवीत गेले तेव्हा पाऊण व्होल्टापर्यंत तुमचे हृदय प्रत्येक स्पंदाला उत्तर देत होते, आणि त्याच्या खाली उतरताच ते उत्तर थांबले. या मर्यादेला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. तिच्या दुप्पट दाब ठेवावा ही आमच्या शास्त्रातील जुनी वहिवाट आहे, म्हणून दीड व्होल्ट. तुमची खरी गंगाजळी बॅटरीत आहे, आणि आजच्या मांडणीने तिच्यातूनच रोज उचल चालली आहे.

मामा : मग ज्यांनी पाच व्होल्ट ठेवले, ते काय अजाण होते?

भाची : मुळीच नाही. त्या दिवशी तेच योग्य होते. तारेचे टोक हृदयाच्या स्नायूत रुतते तेव्हा तेथे दाह होतो, सूज येते, आणि पहिले काही आठवडे थ्रेशोल्ड वर चढत जातो. पूर्वी तर तो कित्येकपट चढे. १९८० नंतरच्या दशकात तारेच्या टोकाशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ठेवण्याची युक्ती निघाली आणि हा चढाव पुष्कळ ओसरला, तरी सावधगिरी म्हणून आरंभी दाब मोठा ठेवतात. सुमारे तीन महिन्यांत जागा भरून येते आणि थ्रेशोल्ड स्थिरावतो. मामा, ती तरतूद तात्पुरती होती. तात्पुरती मंजुरी कायम होऊन बसली तर तुमच्या खात्यात तिला काय म्हणत?

मामांनी याचे उत्तर दिले नाही. पण हा प्रश्न त्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत विचारला गेला होता, आणि त्यानंतर त्यांनी कागद मागितला. येथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते की मामांची वृत्ती ही त्या यंत्राच्या इतिहासाला धरूनच आहे. स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी एल्मक्विस्ट या अभियंत्याने घडविलेला आणि सेनिंग या शल्यवैद्याने आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले, पण त्यासाठी वीसहून अधिक यंत्रे त्यांना बदलावी लागली. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच यांनी पारा-जस्ताच्या बॅटऱ्यांवर जी यंत्रे केली, ती जेमतेम दोन वर्षे चालत. निराशा इतकी, की १९७० मध्ये पॅरिस येथे प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर मानवी देहात बसविण्यापर्यंत मजल गेली. १९७२ मध्ये इटलीत लिथियम-आयोडीन बॅटरीचे पहिले यंत्र बसले, ग्रेटबॅच यांनी ती बॅटरी पुढे आणली, आणि मग कोठे वर्षांचा हिशेब करण्याजोगी स्थिती आली. ज्या यंत्राच्या पूर्वजांनी इतक्या वेळा दगा दिला, त्याच्याकडून थोडे अधिक तारण मागणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही.

भाचीने कागदावर आकडे मांडले. ते मी जसेच्या तसे देतो, कारण सारा वाद अखेरीस त्यांच्यावरच येऊन ठरला. सोयीसाठी घेतलेले हे आकडे आहेत, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते खरे आहे.

भाची : बॅटरीत समजा १ अँपिअर-तास प्रभार आहे. तार आणि हृदयाच्या ऊती यांचा मिळून रोध ५०० ओहम धरा, आणि स्पंदाची लांबी अर्धा मिलिसेकंद. पाच व्होल्टांनी १० मिलिअँपिअर प्रवाह वाहील, म्हणजे दर स्पंदाला ५ मायक्रोकूलॉम प्रभार हृदयाकडे जाईल. पण लिथियम-आयोडीन बॅटरीचा स्वतःचा दाब नवी असताना २.८ व्होल्टच असतो. तिच्याकडून पाच व्होल्ट मिळवावयाचे तर दोन कपॅसिटर निरनिराळे भरून मग ते एकापुढे एक जोडावे लागतात, आणि बॅटरीला दुप्पट, म्हणजे १० मायक्रोकूलॉम, मोजावे लागतात. अडीच व्होल्ट मात्र तिच्यातून सरळ निघतात, आणि तेव्हा खर्च अडीचच. दाब निम्मा झाला, पण खर्च एकचतुर्थांश. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे पुस्तकात लिहिलेले असते, त्याचा अर्थ हा.

मामा : आणि यंत्राचा स्वतःचा काही खर्च असेलच. दप्तर चालवावयाचे म्हणजे कारकुनाचा पगार आला.

भाची : आहे तर. हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकणे, वेळ मोजणे, नोंदी ठेवणे, हे मंडल अहोरात्र जागे असते. त्याला ८ मायक्रोअँपिअर धरू.

मामा : तो आस्थापनेचा खर्च झाला. बरे, सेकंदाला एक ठोका, म्हणजे पाच व्होल्टांवर एकूण १८. एका अँपिअर-तासाला १८ ने भागले तर ५५,५०० तास. वर्षाचे ८,७६० तास. सहा वर्षे चार महिने. अडीच व्होल्टांवर साडेदहा, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे.

ते काही क्षण त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. साडेचार वर्षांचे अंतर केवळ एका बटणाने पडते, आणि ते आपल्याला कोणी सांगितले नव्हते, याचा खेद त्यांच्या बोलण्यात उघड होता. परंतु लेखापरीक्षणात मुरलेली त्यांची दृष्टी तेथेच थांबली नाही. त्यांनी आपणहून तिसरी ओळ मांडली, आणि या संवादातील सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

मामा : आता तुझे दीड व्होल्ट. खर्च दीड, आस्थापनेचे आठ, एकूण साडेनऊ. बारा वर्षे. पाहिलेस? पाचावरून अडीचवर आलो तेव्हा साडेचार वर्षे हाती लागली. अडीचवरून दीडवर उतरलो तर जेमतेम एक वर्ष. पहिली कपात मला मान्य. दुसऱ्या कपातीत एका वर्षासाठी माझ्या तारणाचा मोठा हिस्सा तू काढून घेतेस, कारण आता खर्चाचा मुख्य भाग आस्थापनेचाच उरला आहे आणि त्याला तुझा हा व्होल्ट शिवतही नाही. कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात अशी कपात मी नामंजूर केली असती.

भाची : हा मुद्दा तुम्ही रास्त मांडलात. थ्रेशोल्ड अडीच व्होल्ट असलेला एखादा रुग्ण माझ्यापुढे असता, तर त्याच्या बाबतीत प्रत्येक पाव व्होल्टासाठी मी भांडले असते, कारण तेथे दुपटीचा नियम पाळावयाचा तर पाच व्होल्टांखाली जाताच येत नाही, आणि अशी जागा मुळात तार बसवितानाच टाळावयास हवी. तुमच्या बाबतीत ती निकड नाही. पण दुप्पट हे तारण अपुरे आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?

मामा : थ्रेशोल्ड ही काय दगडावर कोरलेली सनद आहे? तूच म्हणालीस की आरंभी तो चढतो. मग पुढे चढणार नाही याची हमी कोण देतो?

भाची : कोणी देत नाही. झोपेत तो थोडा वाढतो, जेवणानंतरही वाढतो, श्रमाने उतरतो. रक्तातील पोटॅशियम फार वाढले, रक्त आम्लधर्मी झाले, तर तो चढतो; म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी हात आखडता घेते. फ्लेकेनाइडसारखी, हृदयाची लय सावरण्यासाठी दिली जाणारी काही औषधे त्याला वर नेतात. तारेचे टोक जरा सरकले तरी वाढतो. दुपटीचे तारण या रोजच्या चढउतारासाठीच असते.

मामा : आणि परभणीकडच्या एखाद्या खेड्यातला शेतकरी, जो शस्त्रक्रियेनंतर तुझ्या दारात पुन्हा कधी येईल याची शाश्वती नाही, त्याचे काय? त्याला दुसरा डॉक्टर नवे औषध देईल, ते तुला कळणारही नाही. तुझा सारा हिशेब फेरतपासणीवर उभा आहे. जेथे फेरतपासणी नाही तेथे खर्चिक पण निर्धोक असा कारभार मला पत्करेल.

येथे भाची थोडी कळवळून बोलली, आणि मला वाटते तिच्या पक्षाचे सारे बळ या बोलण्यात होते.

भाची : मामा, त्या शेतकऱ्याचीच गोष्ट करू. बॅटरी संपते तेव्हा केवळ बॅटरी बदलता येत नाही. ती टायटॅनियमच्या पेटीत कायमची बंद असते. म्हणून छातीवरची त्वचा पुन्हा उघडून सारे यंत्र बदलावे लागते, आणि जुन्या तारा नव्या यंत्राला जोडाव्या लागतात. त्या जागी व्रण तयार झालेला असतो, रक्ताभिसरण मंदावलेले असते, आणि जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. २०१० मध्ये अमेरिकेतील ‘रिप्लेस’ या नोंदणी-अभ्यासात, केवळ यंत्र बदललेल्या रुग्णांपैकी शेकडा ४ जणांना सहा महिन्यांच्या आत गंभीर गुंतागुंत झाली. ज्यांना तारही नव्याने जोडावी लागली किंवा तसा बेत होता, त्यांच्यात ते प्रमाण शेकडा १५ च्या वर गेले. पाच व्होल्टांवर सोडून दिलेला तो शेतकरी सहा वर्षांनी या दारात उभा राहील. त्याच्याजवळ दुसऱ्या यंत्राचे पैसे असतील का, हा प्रश्न तुमच्या निर्धोक कारभारात कोठे बसतो?

मामा : तो बसत नाही. हे मला कबूल केले पाहिजे.

भाची : हे केवळ आपल्याकडेच कोणाला वाटते असेही नाही. २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डीन आणि सल्क या दोन डॉक्टरांनी पेसमेकरची बॅटरी अधिक काळ टिकलीच पाहिजे, असा कठोर शब्दांत आग्रह धरला होता. आणि मुंबईची गोष्ट तर तुम्हांला ठाऊकच असेल. अमेरिकेत मृत झालेल्या रुग्णांचे पेसमेकर काढून, निर्जंतुक करून, ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविल्याचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बॅटऱ्यांत जे काही उरले होते, त्यावर आपल्या माणसांची हृदये चालली. उरलेल्या प्रभाराला किती किंमत असते, ते त्यांना विचारावे.

यानंतर बोलणे इतर मांडण्यांकडे वळले. स्पंदाची लांबी वाढविण्याने काय साधते, असे मामांनी विचारले. लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये स्नायू आणि मज्जातंतू यांच्या उत्तेजनाचा जो नियम मांडला, त्याच्या आधारे भाचीने सांगितले की स्पंद फार आखूड केला तर दाब भलताच वाढवावा लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे लांबविला तर दाब फारसा उतरत नाही, नुसता खर्च वाढतो. हृदयाच्या स्नायूसाठी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासची लांबी सर्वांत काटकसरीची ठरते. मामांची मांडणी तेथेच होती, म्हणून हा विषय लवकर मिटला. ठोक्यांच्या गतीचा विषय मात्र तिने महत्त्वाचा मानला.

भाची : तुमच्या हृदयाला यंत्राची गरज प्रत्येक ठोक्याला आहे, म्हणून तुमच्या बाबतीत गती साठवरून पन्नासवर आणून फार मिळणार नाही, आणि तुम्हांला थकवा मात्र येईल. पण ज्यांच्या हृदयातील संदेशवहन शाबूत आहे आणि केवळ ठोक्याचा आरंभबिंदू मंद आहे, अशा रुग्णांत ही बाब निराळी. त्यांचे स्वतःचे ठोके पासष्टच्या गतीने पडत असताना यंत्र सत्तरवर ठेवले, तर ते प्रत्येक वेळी पुढे धावून नाहक स्पंद देते. तेच साठवर ठेवून हृदयाला थोडी उसंत दिली, किंवा वरच्या आणि खालच्या कप्प्यांतील अंतर जरा वाढवून खालच्या कप्प्याला स्वतः उत्तर देऊ दिले, तर यंत्र पुष्कळ वेळ नुसते ऐकत राहते. यात बॅटरी वाचते हा गौण लाभ. २००२ च्या ‘डेव्हिड’ चाचणीत, डिफिब्रिलेटर बसविलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या दोन्ही कप्प्यांना ७० च्या गतीने चालना दिली गेली, त्यांच्यात मृत्यू किंवा हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल होणे यांचे प्रमाण, केवळ ४० ची पाठराखण ठेवलेल्यांपेक्षा अधिक आढळले. उजव्या खालच्या कप्प्याला गरज नसताना दिलेली चालना हृदयालाच बाधते.

मामा : आणि आस्थापनेच्या त्या आठांत काही छाटणी?

भाची : थोडी होते. हृदयाच्या विद्युत्लेखाची सतत पूर्वनोंद ठेवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करता येते. दूरस्थ तपासणीचे संदेश वाजवीपेक्षा अधिक वेळा जात असतील तर कमी करता येतात. पण जिना चढताना गती वाढविणारा जो संवेदक तुमच्या यंत्रात आहे, तो बॅटरीसाठी बंद करा असे मला कोणी सांगितले, तर मी करणार नाही. तुम्ही अजिंक्यताऱ्याची चढण चढता ती त्याच्या जिवावर. माणसाने घरी बसून बॅटरी राखावी, यात काय अर्थ?

मला व्यक्तिशः हे वाक्य फार आवडले. कारण बॅटरीची काळजी करणाऱ्यांपैकी कित्येकजण, यंत्र ज्यासाठी बसविले त्या जगण्यावरच कात्री चालवावयास निघतात, आणि तेव्हा मामांचा पक्षच खरा ठरतो.

मामा : बरे, ती संपत आली हे कसे कळते? की एके दिवशी दिवा विझावा तशी?

भाची : लिथियम-आयोडीन बॅटरीचा हाच मोठा गुण. प्रभार खर्च होत जातो तसतसा तिच्या आत लिथियम आयोडाइडचा थर वाढतो, अंतर्गत रोध चढतो, आणि दाब २.८ वरून हळूहळू उतरतो. विशिष्ट मर्यादा आली की यंत्र बदलण्याची सूचना नोंदविली जाते, आणि तेव्हाही साधारण तीन महिन्यांची मुदत हाती असते. कित्येक यंत्रे त्या क्षणी आपणहून साध्या मांडणीवर उतरतात. छातीवर लोहचुंबक धरला असता ठोक्यांची जी ठरावीक गती येते, तीही बदललेली दिसते.

मामा : म्हणजे तिजोरी रिकामी होण्याआधी यंत्र स्वतः अहवाल देते. ही व्यवस्था मला पसंत आहे. आता तुझा आणि माझा निवाडा कर.

भाची : निवाडा हिशेबानेच झाला आहे, मामा. दोन व्होल्ट ठेवू. एकूण खर्च दहा, म्हणजे तुमच्याच रीतीने मोजले तर सुमारे साडेअकरा वर्षे. दीड व्होल्टांच्या बारा वर्षांतून सहा-सात महिनेच कमी, आणि तारण थ्रेशोल्डच्या दुपटीहून पुष्कळ जास्त. तुमच्या यंत्रात थ्रेशोल्ड रोज आपोआप मोजण्याची सोय आहे, ती मी चालू करते. तो चढला तर दाब वाढविण्याची मुभा यंत्राला राहील, उतरला तर दोन व्होल्टांखाली जाण्याची मुभा राहणार नाही.

मामा : वाढविण्याचा अधिकार त्याला, कमी करण्याचा तुला?

भाची : होय. आणि त्या परभणीच्या शेतकऱ्याच्या यंत्रातही ही सोय असेल तर ती मी अशीच लावीन. नसेल तर अडीच व्होल्ट ठेवीन, पण पाचावर सोडणार नाही.

मामा : मग माझ्या कार्डावर आजची तारीख, थ्रेशोल्ड, दाब, स्पंदाची लांबी, तारेचा रोध आणि बॅटरीचा दाब, हे सारे लिही, आधीच्या रुग्णालयाने नुसते ‘यंत्र ठीक’ एवढेच लिहून दिले होते. सहा महिन्यांनी जो कोणी तपासेल, त्याला मागची शिल्लक कळली पाहिजे.

भाचीने कार्ड घेतले आणि सहा आकडे लिहिले. मामांनी ते वाचून पाहिले, रोधाच्या आकड्यापुढे ओहम लिहावयाचे राहिले होते ते तिच्याकडून लिहवून घेतले, आणि पुढील तपासणीची तारीख त्याच वेळी मुक्रर करून घेतली.